संस्थेच्या अकाउंटंटचा पगार कोण देणार? (दप्तरं नकोत, भाडं द्या)

कोयत्याची_लेक

मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले कारण डोकं फिरलंय. आमची छोटी संस्था आहे, बीड जिल्ह्यात. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं उसाला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लेकरं पण ट्रॅक्टरवर बसून सोबत जातात. ती जाऊ नयेत, आजी-आजोबापाशी राहून शाळा चालू रहावी म्हणून आम्ही चार गावांत संध्याकाळचे वर्ग आणि रात्रीचं जेवण चालवतो. अकरा वर्षं झाली. पगारी माणसं सहा, त्यातली एक मी, तीही कागदावर.

मागच्या महिन्यात एका कंपनीच्या सीएसआरची (कंपन्यांना कायद्यानं करावा लागतो तो सामाजिक खर्च) माणसं आली. वर्ग बघितले, पोरांशी बोलले, फोटो काढले, मॅडमना रडू आलं. खरंच आलं, खोटं नाही बोलत. आठ दिवसांनी बजेट मंजूर होऊन आलं. त्यात आम्ही न मागितलेली ४०० दप्तरं, लोगोसकट. आणि अकाउंटंटचे महिना १२ हजार आणि ऑफिसभाडं साडेतीन हजार यावर लाल रेघ. का तर म्हणे ॲडमिनला पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही, कायदाच आहे.

आमचा अकाउंटंट तर दिवाळीतच सोडून गेला, पेट्रोलपंपावर. तिथं १५ देतात. तेव्हापासून सगळी व्हाऊचरं एका पत्र्याच्या पेटीत पडतात आणि मी रविवारी ती पेटी उपडी करून फरशीवर ढीग लावत बसते. किराण्याचा एक, गॅसचा एक, मानधनाचा एक, आणि सगळ्यात मोठा ढीग 'हे काय आहे' चा. दुसऱ्या एका देणगीदाराची युसी (पैसे कुठं खर्च झाले त्याचा दाखला) द्यायला उशीर झाला म्हणून त्यांचा पुढचा हप्ता अडकलाय. त्यांना हिशेब वेळेवर पाहिजे, फक्त हिशेब लिहिणाऱ्याला द्यायचं नाही.

तर प्रश्न असा की संस्था *चालवायला*, तिचं कंबरडं मजबूत करायला पैसे देणारं कुणी आहे का या देशात? का आपणच काहीतरी चुकीचं मागतोय?

टॅलीवाला

ताई, आधी ते पाच टक्क्यांचं बघू, कारण हा गैरसमज मी दर वर्षी चार-पाच संस्थांना उलगडून सांगतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. त्यात 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ओव्हरहेड' ५ टक्क्यांच्या आत ठेवायचे हे खरं, पण ते कंपनीचे स्वतःचे ओव्हरहेड, म्हणजे त्यांच्या सीएसआर डिपार्टमेंटचा पगार, ऑफिस वगैरे. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीत हे स्वच्छ लिहिलंय आणि प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा खर्च त्या ५ टक्क्यांत येत नाही. कंपन्यांची माणसं घाबरून (किंवा आळसानं) तीच मर्यादा संस्थेच्या बजेटला लावतात.

दुसरं, बजेटमध्ये 'अकाउंटंट' असं लिहूच नका. त्या प्रकल्पाचे हिशेब, युसी, ऑडिट यासाठी जितका वेळ जातो तितका पगार प्रकल्पाच्या थेट खर्चात दाखवा. ही पळवाट नाही, खरंच तो प्रकल्पाचा खर्च आहे.

खवचट_खंडू

दप्तरावर लोगो येतो हो. अकाउंटंटच्या कपाळावर लोगो छापायला तो तयार असेल तर कंपनीला विचारून बघा.

कोयत्याची_लेक

@खवचट_खंडू, १५ हजारात तो पाठीवर पण छापून घेईल 😄

@टॅलीवाला दादा, हा नियमाचा कागद मला आधी का नाही कुणी दाखवला. त्या मॅडमना पाठवू का? का नाराज होतील?

निवृत्त_नाईक

माझं मत थोडं कडू आहे, राग मानू नये. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच ग्रामीण भागात. संस्था म्हणजे काय असतं ते मी कर्जाच्या फायलीतून पाहिलंय. अध्यक्ष काका, सचिव काकू, प्रकल्प संचालक पुतण्या, आणि संस्थेच्या नावावर घेतलेली गाडी गावच्या जत्रेत उभी. लोक 'ॲडमिन' शब्दाला बिचकतात ते उगाच नाही. मी स्वतः दर वर्षी देणगी देतो आणि माझा नियम साधा आहे, माझ्या शंभर रुपयातले किती मुलाच्या ताटात गेले ते सांगा. ज्याला पगार हवा त्यानं नोकरी करावी, समाजसेवा कशाला.

तुमची संस्था तशी नसेल, मान्य. पण बाहेरच्याला कसं कळणार?

लाल_डायरी

नाईकसाहेब, शेवटच्या वाक्याशी सहमत, त्याच्या आधीच्या वाक्याशी अजिबात नाही.

'ज्याला पगार हवा त्यानं नोकरी करावी' या विचारानं आमच्या पिढीतले किती कार्यकर्ते झिजले ते मी बघितलंय. चळवळीत घर बायकोच्या शिक्षिकेच्या पगारावर चालायचं आणि सत्कार नवऱ्याचा व्हायचा. हे ओळखूनच महाराष्ट्रात सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला ना. डॉ. लागू, निळू फुले, बाबा आढाव, दाभोलकर ही मंडळी त्यामागं होती. नावाजलेल्या नटांनी फुकट काम करून गावोगाव नाटकाचे प्रयोग केले, ते पैसे बँकेत ठेवले आणि व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन. रक्कम फार नव्हती. पण कार्यकर्त्याच्या *जगण्याला* पैसे द्यायचे, त्याच्या कार्यक्रमाला नाही, हा विचार आपल्याकडं तेव्हा होता. आज त्यालाच इंग्रजीत कोअर फंडिंग म्हणतात आणि परदेशातून आल्यासारखं वाटतं.

आणखी मागं जा. रयतच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडलं ते मुलांच्या जेवणासाठी, आणि मुष्टिफंडात बायका रोज दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायच्या. त्या मुठीवर कुणी अट नव्हती घातली की याची फक्त भाकरीच करा, सरपण आणू नका.

खवचट_खंडू

अटी तेव्हाही होत्या की हो. महर्षी कर्व्यांना १९२० साली उद्योगपती ठाकरसींनी १५ लाख दिले तेव्हा महिला विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं नाव लागलं (एसएनडीटी). लोगो म्हणा की त्याला.

लाल_डायरी

हो, पण नाव लावून वर 'आता पगाराचं तुमचं तुम्ही बघा' असं नाही म्हणाले. नाव घ्या आणि पूर्ण द्या, माझी तक्रार नाही.

पलीकडच्या_खुर्चीतून

खूप वेळ लिहू की नको असं चाललं होतं. मी एका कंपनीच्या सीएसआर टीममध्ये आहे (नाव विचारू नका). ताई, तुमच्याकडं आलेल्या मॅडम मी नाही, पण असू शकले असते, मलाही रडू येतं आणि मीही लाल रेघ मारलेली आहे.

आतून कसं दिसतं ते सांगते. माझ्या साहेबांना बोर्डापुढं पंधरा मिनिटं मिळतात, त्यात सात स्लाइड. स्लाइडवर आकडा लागतो. ४०० दप्तरं हा आकडा आहे. 'संस्थेचे हिशेब आता वेळेवर होतात' हा आकडा नाही. तुमच्या वर्गामुळं किती मुलं उसाला गेली नाहीत हा खरा आकडा, पण तो सिद्ध करायला दोन वर्षं आणि माहिती ठेवणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाला आम्ही पैसे देत नाही. बाकी टॅलीवाला म्हणतात ते नियमाचं बरोबर आहे, पण आमच्या लीगलवाल्यांनी २०१५ साली बनवलेला फॉरमॅट आहे आणि तो बदला म्हणायची कुणाची छाती नाही.

आता गंमत. फेब्रुवारी आला की मीच संस्थांना फोन करते, '३१ मार्चच्या आत १२ लाख खर्च होतील का?' कारण उरले तर सहा महिन्यात सरकारी निधीत भरावे लागतात आणि वर उत्तरं द्यावी लागतात. त्या वेळी लाल रेघा जरा फिक्या होतात, एवढंच सांगते. आणि 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून मंजूर करून घ्या, सुरुवातीचं वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत चालतो, शिल्लक वेगळ्या खात्यात रहाते. दर वर्षी नव्यानं हात पसरावा लागत नाही.

तो नियमाचा कागद त्या मॅडमना जरूर पाठवा. बहुतेक त्यांनाच तो साहेबांना दाखवायला हवा असेल.

भाकरीचंद

फेब्रुवारीतला फोन!! आम्हाला पण आला होता. मार्चमध्ये २०० सोलर कंदील वाटले. गावात लाइट आहे 🙏

पूर्वा_डी

अवांतर: दप्तरांवरून आठवलं. मी झेडपी शाळेत आहे. आमच्या एका मुलीकडं चार कंपन्यांची चार दप्तरं आहेत. एकात पुस्तकं, एकात आईची औषधं, एकात कोंबडीची पिल्लं आणली होती एकदा, चौथ्याची चेन पहिल्याच आठवड्यात गेली म्हणून त्याचं पायपुसणं. मला वाटतं कंपन्यांनी निदान एकमेकांना विचारावं.

न्यूजर्सीचा_नाना

पूर्वाताई 😂

आमचा इथला वीस-पंचवीस मराठी घरांचा ग्रुप आहे, गणपतीत वर्गणी काढतो आणि थोडी गावाकडच्या कामांना पाठवतो. आधी पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेला पाठवायचो, त्यांच्याकडं एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) होतं, ते पुढं तीन-चार लहान संस्थांना वाटून द्यायचे, हिशेब पण तेच बघायचे. २०२० ला कायदा बदलला आणि एका संस्थेनं दुसरीला परदेशी पैसा देणंच बंद झालं. ॲडमिनची मर्यादा पण ५० टक्क्यांवरून २० वर आणली. तेव्हापासून आमचे पैसे मोठ्या संस्थेपाशीच थांबतात. बीडला कसे पाठवायचे ताई? तुमच्याकडं एफसीआरए आहे का?

कोयत्याची_लेक

नाही हो नाना. तीन वर्षांत १५ लाख कामावर खर्च झालेले दाखवावे लागतात, तेवढे कसेबसे होतात, पण दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं, सगळ्या विश्वस्तांचे आधार, दर वर्षीचा वेगळा हिशेब... हे कोण करणार? पेटी उपडी करणारी मी एकटी.

टॅलीवाला

नाना, एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तुमच्यापैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकेच्या मार्गानं दिलेली देणगी ही कायद्यानं 'परदेशी' धरत नाहीत. ते सरळ बीडच्या खात्यात देऊ शकतात, संस्थेनं फक्त पासपोर्टची प्रत घेऊन ठेवावी. अमेरिकन नागरिक झालेले, ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिक झालेले मूळचे भारतीय) धरून, हे मात्र परदेशी स्रोत. त्यांच्याकडून एफसीआरए नसताना एक रुपया घेऊ नका. आणि ग्रुपच्या एकत्र खात्यातून तर मुळीच नको, ज्याचे त्यानं द्यावे.

न्यूजर्सीचा_नाना

अरेच्चा. मग आमच्यातले सात जण बसतात त्यात. बायको बसते, मी नाही. म्हणजे आता पुण्य तिच्या खात्यावर.

आयटीतला_गणू

सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल कुणीच कसं बोललं नाही? शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं आणलंय, संस्था लिस्ट होऊन पैसे उभे करू शकतात. ताईंनी तिथं जावं.

टॅलीवाला

गणू, नोंदणीलाच वर्षाला ५० लाख खर्च करणारी संस्था लागते, आणि इश्यू किमान ५० लाखांचा. त्या रोख्याला व्याज नाही, मुद्दल परत नाही, नावच मुळी झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल. म्हणजे शेवटी देणगीच, फक्त कागद जास्त. मोठ्यांना ठीक आहे. ताईंना आधी पेटीतून बाहेर काढू.

डोंगरवाट

धागा वाचून रहावलं नाही. आम्ही नंदुरबारकडं काम करतो. मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, देणारे आहेत, थोडे आहेत. २०२१ ला एडेलगिव्ह फाउंडेशननं १०० संस्थांसाठी १०० कोटींचा ग्रो फंड काढला तो याच कामासाठी होता, दोन वर्षं, पगार-भाडं-सिस्टिम असल्या खर्चाला. अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशननं २०१६ पासून 'बिल्ड' नावाच्या योजनेतून पाच-पाच वर्षांचं लवचिक अनुदान दिलं. असे आणखी काही आहेत. आम्हालाही अशातलंच एक मिळालं होतं, कुणाचं ते राहू दे कारण पुढं जरा तक्रार पण आहे.

आधी चांगलं. पहिल्यांदा आयुष्यात आम्ही टॅलीचं (हिशेबाचं सॉफ्टवेअर) खरं लायसन घेतलं. पूर्णवेळ अकाउंटंट. कार्यकर्त्यांचा पीएफ. रजेचे नियम लिहिले, तोवर रजा म्हणजे 'दादांना विचारून'. धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात विश्वस्तबदलाचा फेरफार अर्ज सहा वर्षं पडून होता, दोन मयत विश्वस्त कागदोपत्री जिवंत होते, त्यांच्या सह्या कशा होत होत्या विचारू नका, ते सगळं सरळ केलं. आमचे संस्थापक पहिल्यांदा दहा दिवस आजारी पडू शकले. म्हणजे आजारी आधीही पडायचे, पण झोपून रहाता आलं.

आता दुसरी बाजू. अनुदानासोबत 'क्षमताबांधणी' पण येते. पुण्यात हॉटेलात तीन दिवस, चार्टपेपरवर झाड काढा, मुळं म्हणजे मूल्यं, फळं म्हणजे इम्पॅक्ट. आमच्या पावरा आदिवासी कार्यकर्त्यानं महूचं झाड काढलं आणि खाली लिहिलं 'याची दारू होते'. फॅसिलिटेटर मॅडम फार वेळ गप्प होत्या. सल्लागाराची फी आमच्या अकाउंटंटच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी होती, ती मात्र कुठल्या पाच टक्क्यांत मोजत नाहीत.

आणि खरं दुखणं शेवटी. दोन वर्षं संपली. पगार वाढवलेले, माणसं वाढलेली, पीएफ लागू झालेला, आणि पुढचा देणगीदार परत तोच, दप्तरवाला. तीन माणसं कमी करावी लागली, त्यातला एक अकाउंटंट. बळकट व्हायला दोन वर्षं पुरत नाहीत हो. ताई, असं अनुदान मिळालं तर पहिल्या दिवसापासून त्यातला जमेल तितका खर्च दुसरीकडून भागवायची तयारी ठेवा, आणि थोडा तरी कायमनिधी (मुद्दल न मोडता व्याज वापरायचं असा निधी) बाजूला टाका. आम्ही नाही टाकला.

पलीकडच्या_खुर्चीतून

कायमनिधीला सीएसआरमधून मात्र देता येत नाही हां, २०२१ पासून ते बंद आहे. लोकांकडूनच घ्यावा लागेल.

टॅलीवाला

बरोबर. आणि देणाऱ्याकडून 'ही रक्कम कायमनिधीसाठी' असं लेखी घ्या. नाहीतर ते साधं उत्पन्न धरतात आणि वर्षाच्या उत्पन्नातलं ८५ टक्के खर्च करा हा नियम लागतो. म्हणजे काटकसर केली तर करखातं विचारतं का केली.

निवृत्त_नाईक

डोंगरवाट यांची पोस्ट दोनदा वाचली. मयत विश्वस्तांच्या सह्या वाचून बँकेतले दिवस आठवले, आम्हीही अशी कागदपत्रं पाहून न पाहिल्यासारखं केलंय.

माझं मत पूर्ण बदललं असं नाही. पुतण्या-संचालक आहेतच. पण एक हिशेब मांडतो, हीच माझी भाषा. अकाउंटंट १५ हजार महिना, म्हणजे वर्षाचे १ लाख ८० हजार. शंभर रुपये महिना देणारी दीडशे माणसं मिळाली की झालं. आणि ती माणसं जवळची असली तर पुतण्या कोण आणि गाडी कुणाची हे त्यांना कंपनीपेक्षा आधी कळतं. माझ्या मूळ प्रश्नाचं, बाहेरच्याला कसं कळणार, हेच उत्तर असावं. हिशेब वर्षातून एकदा गावच्या पारावर वाचून दाखवावा.

लाल_डायरी

साहेब, हा मुष्टिफंडच झाला की 🙂

कोयत्याची_लेक

मंडळी, मध्ये तीन आठवडे गायब होते, ऑडिट. सगळ्यांना एकदम सांगते.

एक, त्या मॅडमना कागद पाठवला. नाराज नाही झाल्या. अकाउंटंटचा निम्मा पगार 'प्रकल्प हिशेब व अहवाल' या नावानं मंजूर झालाय. दप्तरं ४०० ची २०० झाली. शून्य नाही करता आली.

दोन, नाईककाकांचं ऐकून संक्रांतीला हळदीकुंकवात बायकांपुढं विषय काढला. मला वाटलं होतं हसतील. आतापर्यंत ४१ नावं आलीत. चार जण तर आमच्याच वर्गातून शिकून पुण्याला कंपनीत लागलेली पोरं. बाकी झेडपीचे गुरुजी, एक मेडिकलवाला, एक मुकादम (हो, मुकादम, उसाला टोळ्या नेणारा. यावर वेगळा धागा काढते, घ्यावेत का नाही यावरून घरात भांडण चालू आहे). नानांच्या वहिनींचे पण आले, पासपोर्टची प्रत लावून ठेवलीये.

आणि एका आजीनं पायलीभर ज्वारी आणून ओट्यावर ठेवली. म्हणाली पैसे नाहीत, पण मला पण पावती दे, सगळ्यांना देतीस तशी. मी दिली. आता टॅलीवाला दादा, ही पुस्तकात कशी घेऊ?

टॅलीवाला

वस्तुरूप देणगी म्हणून वेगळी पावती, साठा रजिस्टरला नोंद, किती आली, कोणत्या वर्गाच्या जेवणात गेली. ज्वारीला ८०जी (देणगीदाराला मिळणारी करसवलत) मिळत नाही, ती फक्त पैशाला. रोख घेत असाल तर २ हजारांच्या वर ८०जी मिळत नाही हे लोकांना आधीच सांगा. आणि पैसे देणाऱ्या सगळ्यांचे पॅन आत्ताच घेऊन ठेवा, ३१ मेच्या आत १०बीडी (देणगीदारांची यादी करखात्याला द्यायचा फॉर्म) भरायचाय, उशिराला दिवसाला २०० रुपये पडतात.

खवचट_खंडू

माझे शंभर धरा. पॅन मेसेज केलाय. लोगो बारीक चालेल.

निवृत्त_नाईक

माझेही धरा. आणि त्या मुकादमाचा धागा काढा लवकर.